कॉकटेलचं पिल्लू आणायचंय? आधी रिकामा पिंजरा टांगा

आमच्याकडे गुंड्या, म्हणजे आमचा कॉकटेल (तुरा असलेला छोटा परदेशी पोपट), यायच्या नऊ दिवस आधी त्याचा पिंजरा आला होता. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "पक्षी उडाला का गं?" तिसऱ्यांदा त्यांनी विचारायचं सोडून दिलं.

त्या नऊ दिवसांत पिंजऱ्यानं तीन जागा बदलल्या. पहिली स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथं मिरचीची फोडणी पडली की आम्हीच खोकायचो. दुसरी खिडकीत. सकाळी छान वाटायचं, पण दुपारी दोनला उन्हाचा पट्टा थेट पिंजऱ्यावर यायचा आणि गजांना हात लावला की चटका बसायचा. तिसरी हॉलच्या कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत, माणसांच्या डोळ्यांच्या उंचीला. ती ठरली. पिल्लू आत असतं तर पहिल्या दोन चुका त्याला भोवल्या असत्या. म्हणून पिंजरा आधी आणा, आठवडाभर रिकामाच नांदू द्या आणि दिवसातून चार वेळा त्याच्याशेजारी उभं राहून बघा: ऊन कुठून येतं, वारा कुठून, टीव्हीचा आवाज किती, रात्री दिवा कधी मालवतो.

पोपट कुठला?

"पोपट" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल चोचीचा हिरवा राघू येतो. तो आणायचा नाही. पूर्वी वाड्यावाड्यांत त्याचा पिंजरा असे हे खरं, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून काढलेलं पिल्लू "डोंगरी आहे, बोलतो" म्हणून कुणी पुढं केलं, तर सरळ निघून या.

परदेशी जातींतही फरक आहे. आफ्रिकन ग्रे, मकाऊ, कॉन्युर हे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या याद्यांत येतात. कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर असे पक्षी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. बजी (चिमणीएवढा रंगीत पोपट) आणि कॉकटेल त्या याद्यांत नाहीत. पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्याला मी कॉकटेलच सुचवेन. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवांच्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी. शेपटीसकट जेमतेम फूटभर लांब आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे दहावीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणाल, तर तो मुलगा नोकरीला लागला तरी दाणे तुम्हीच घालत असाल.

दोन गोष्टी आधीच मनाशी धरा. कॉकटेल "विठू विठू" फार म्हणत नाही; नर शिट्ट्या मात्र झकास घालतो. आणि त्याच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. घरात कुणाला दमा असेल तर आधी ज्याच्याकडे हा पक्षी आहे अशा घरी तासभर बसून या.

घरातले तीन शत्रू

पहिला छताचा पंखा. आपल्याकडच्या मोकळ्या पक्ष्याचा हा सगळ्यात जवळचा काळ. पक्षी बाहेर असेल तेव्हा पंखा बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना आतापासून लावा. आम्ही पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली. सासूबाई हसल्या, पण आठवड्यात त्यांचाही हात बटणापाशी थबकायला लागला.

दुसरा धूर. पक्ष्याचं श्वसन आपल्यासारखं नाही. फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळं श्वास सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून जाते. हवेत विष असेल तर तेही तितक्याच जोमानं भिनतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या थरातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरू शकतो. आमच्या घरातून नॉनस्टिक गेलं, बिडाचा तवा परत आला. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, फवारे, रंगकाम, सगळं त्याच्या खोलीबाहेर. देवघर हॉलमध्येच असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या. देव काही हलवता येत नाही!

तिसरा उघडी खिडकी. जाळी लावा आणि ती घट्ट बसलीय का, हे बोटानं दाबून बघा. मांजर असलेल्या घरानं तर दहा वेळा विचार करावा. तिच्या लाळेतल्या जंतूंमुळं साधा ओरखडाही पक्ष्याच्या जिवावर बेततो. कुंड्यांत कण्हेर किंवा डिफेनबेकिया असेल तर तीही पक्ष्याच्या वाटेतून हलवा.

पिंजरा

लांबी उंचीपेक्षा महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. एका कॉकटेलला निदान २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच जागा हवी. मोठा मिळाला तर उत्तमच. गजांमधलं अंतर अर्धा इंच. त्याहून जास्त असलं तर पिल्लू डोकं घालून अडकतं. दोन बाजूंचे गज आडवे असले तर त्याला चढता येतं. गोल, घुमटाचे, सोनेरी पिंजरे दिसायला देखणे, राहायला वाईट. साध्या जस्ताच्या जाळीचा स्वस्त पिंजराही नको, कारण पक्षी दिवसभर गज चावतो आणि जस्त पोटात जातं.

पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाका. एकसारख्या जाडीच्या दांडीवर पायाच्या त्याच त्याच जागी भार येऊन फोड होतात. पेरूच्या किंवा जांभळाच्या फांद्या आणा, औषध न मारलेल्या झाडाच्या. घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन, कडक उन्हात वाळवून लावा. जाडी कमीजास्त असू द्या, साधारण अर्धा ते पाऊण इंच. पिल्लाला अजून तोल नसतो, म्हणून पहिले काही दिवस एक दांडी अगदी खाली, दाणे आणि पाणी तिच्या शेजारी. ट्रेमध्ये साधा वर्तमानपत्राचा कागद घाला. लाकडाचा भुसा नको, त्यात शिट दिसत नाही, आणि ती रोज बघायचीच असते.

खाणं

बाजारातल्या मिक्स दाण्यात सूर्यफूल भरपूर असतं. पक्षी तेवढंच वेचून खातो आणि लठ्ठ होतो. त्यापेक्षा राळं, बाजरी, वरी घरी मिसळा, सूर्यफूल चिमूटभर. नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, म्हणून किसलेलं गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग हे रोजचं. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. पोपटाला मिरची देणारी आपली आजी बरोबरच होती. दुधाचा चहा आणि खारी मात्र तिनं देऊ नये. चॉकलेट, कॉफी, कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो आणि सफरचंदाच्या बिया कधीही नाहीत. खवट शेंगदाणेही नाहीत.

कॅल्शियमसाठी दुकानात महाग तुकडा मिळतो. तो म्हणजे माकळाचं हाड, आपला समुद्रफेस. काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्त मिळतो. मऊ बाजू पक्ष्याकडं करून गजाला बांधा.

पहिल्या आठवड्यात मात्र यातलं काहीही नवं सुरू करू नका. विक्रेत्याकडं पिल्लू जे खात होतं, तेच पंधरा दिवसांचं मागून आणा आणि त्यात हळूहळू बदल करा.

पिल्लू निवडताना

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. एका पक्षीवाल्यानं मला पाच आठवड्यांचं पिल्लू दाखवलं होतं. "ताई, हेच न्या. हातानं भरवलंत की जीव लावतं." हे खरं नाही. पिल्लू माणसाळतं ते रोज प्रेमानं हाताळल्यानं, सिरिंजनं नाही. न सरावलेल्या हातून लापशी श्वासनलिकेत जाते, जास्त गरम असली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, गार असली तर आत आंबते. अशी पिल्लं पहिल्या आठवड्यातच जातात. आठ ते दहा आठवड्यांचं, आपलं आपण दाणे फोडणारं पिल्लूच घ्या. "खातं" या शब्दावर जाऊ नका. अर्धा तास तिथं थांबा आणि ते दाणा सोलताना स्वतः बघा.

डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं कोरडी. गुदाशी शिट चिकटलेली असेल किंवा बसल्या बसल्या श्वासाबरोबर शेपूट वरखाली होत असेल, तर ते पिल्लू आजारी आहे. दया येईल, तरी घेऊ नका. नर की मादी हे या वयात रंगावरून कळत नाही. सगळी पिल्लं मादीसारखी दिसतात. "हा शंभर टक्के नर" असं कुणी म्हणालं तर डीएनए चाचणीचा कागद मागा.

पैसे देण्याआधी पक्षी तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी पाहतोच असं नाही, आणि हे रात्री अकराला कळून उपयोग नाही. घरी आधीच दुसरा पक्षी असेल तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

आणायचा दिवस आणि पहिले तीन दिवस

सकाळी आणा, म्हणजे उजेडात दांड्या आणि वाट्या कुठं आहेत ते त्याला कळेल. गणपतीच्या ढोल-ताशात नको, दिवाळीच्या फटाक्यांत तर नकोच. प्रवासाला छोटा, हवेशीर खोका, तळाशी टॉवेल. मोठ्या पिंजऱ्यात ते रस्ताभर आपटत येतं.

घरी आल्यावर खोक्याचं तोंड पिंजऱ्याच्या दाराला लावा आणि थांबा. गुंड्याला आत जायला वीस मिनिटं लागली. मग तो दांडीच्या टोकाला, भिंतीकडं सरकून, तुरा डोक्याला चिकटवून बसला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. तुरा असा चपटा आणि वर फिसकारणं म्हणजे भीती. सरळ ताठ म्हणजे दचकलाय. किंचित उचललेला म्हणजे ठीक आहे. त्या दिवशी पाहुणे नाहीत, फोटो नाहीत, हात आत घालणं नाही.

रात्री मला वाटलं, वाटी तर भरलेलीच आहे, म्हणजे यानं काहीच खाल्लं नाही. फुंकर मारली तर वरची सगळी टरफलं उडाली आणि खाली वाटी निम्मी रिकामी. याचं उलटंही होतं: वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. म्हणून रोज फुंकर मारा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटाही हाताशी ठेवा आणि पक्षी हातावर यायला लागला की रोज सकाळी त्याचं वजन वहीत टिपा. दहा टक्क्यांनी घटलं तर डॉक्टर. पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही. चोवीस तास काही खाल्लं नाही किंवा पिसं फुगवून तळाशी बसलं, तरीही डॉक्टरच, उद्यावर न टाकता.

झोप दहा ते बारा तास. तीन बाजूंनी सुती कापड टाका, पण मिणमिणता दिवा राहू द्या. कॉकटेल अंधारात दचकतो. मध्यरात्री गाडीचा हॉर्न वाजला की पिंजऱ्यात एकदम फडफड सुरू होते आणि पंख दुखावतो. असं झालं तर दिवा लावा, हळू आवाजात बोला, हात घालू नका.

चौथ्या दिवशी राळ्याचं कणीस गजांतून धरा आणि दुसरीकडं बघत बसा. गुंड्यानं पहिल्यांदा कणीस खेचून घेतलं आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला पळाला. सहाव्या दिवशी माझ्या हातातूनच खाल्लं. त्या रात्री कापडाआडून बारीक करकर ऐकू आली, वाळू चाळल्यासारखी. मी घाबरून कापड उचललं. झोपायच्या आधी तो चोच चोचीवर घासत होता. निवांत असला की पक्षी तसं करतो.