इमारतीसाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

"प्रस्ताव आवडला. जागा कोणाच्या नावावर आहे?"

फाउंडेशनच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "माझ्याच. संस्थेला वापरायला दिलीय." मुलींच्या वसतिगृहाच्या खोल्यांसाठी आम्ही सोळा पानांचा प्रस्ताव केला होता. फोटो होते, मुलींची मनोगतं होती. बैठक चहाच्या आधीच संपली.

शिबिरासाठी किंवा पगारासाठी दिलेला पैसा वर्षभरात खर्च होतो आणि हिशेब मिटतो. इमारत, गाडी, यंत्र मात्र मागे उरतं. म्हणून भांडवली अनुदान देणारा तुमच्या कामाइतकंच, किंबहुना जास्त, हे बघतो की वीस वर्षांनी ही वस्तू कोणाच्या ताब्यात असेल. आपण प्रस्तावात नेमकं तेच एका ओळीत उरकतो.

जागेचे कागद नंतर बघू

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त अर्ज इथेच पडतात. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून उभी राहणारी मालमत्ता कोणाच्या नावावर असावी, हे २०२१ च्या सुधारित नियमांनी ठरवून दिलंय: सीएसआर नोंदणी असलेली धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचे बचतगट किंवा समूह, नाहीतर सार्वजनिक प्राधिकरण. विश्वस्ताचं नाव या यादीत बसत नाही, मग तो कितीही सज्जन असो.

"मग बक्षीसपत्र करून टाकू" म्हणणाऱ्यांनी आधी सातबारा नीट वाचावा. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. शेतजमीन असेल तर ती बिगरशेतकऱ्याला देण्यावर बंधन आहे, आणि संस्था काही शेतकरी नसते. म्हणजे आधी परवानगी, किंवा जमीन बिगरशेती करून घेणं. वडिलोपार्जित असेल तर भावाबहिणींच्या सह्या. यात महिने जातात, म्हणून हे काम प्रस्तावाच्या आधीचं.

गायरानावर "ग्रामसभेचा ठराव आहे ना" एवढ्यावर विसंबू नका. जमीन सरकारची असते, ठरावानं ती संस्थेची होत नाही. भाडेपट्टा असेल तर नोंदणीकृत आणि लांब मुदतीचा हवा. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी स्लॅब घालून देणार नाही.

याला जोडूनच धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदी. विश्वस्त बदलले किंवा स्थावर मालमत्ता आली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. प्रत्यक्षात कितीतरी संस्थांच्या परिशिष्ट एकवर (त्या नोंदवहीच्या उताऱ्यावर) दिवंगत विश्वस्त अजून कारभार पाहत असतात! अर्जावर सही एकाची, नोंदीत नाव दुसऱ्याचं. असं दिसलं की पुढची पानं कोणी उलटत नाही.

एका ओळीचं एस्टिमेट

"बांधकाम, एकूण २५ लाख." असं एस्टिमेट ओळखीच्या ठेकेदारानं लेटरहेडवर दिलेलं असतं. त्यात जीएसटी धरलेला नसतो. बांधकामाच्या ठेक्यावर तो १८ टक्के, म्हणजे २५ लाखांवर साडेचार लाख. बहुतेक संस्थांना त्याची वजावट मिळत नाही, तो खिशातूनच जातो. शिवाय आर्किटेक्टची फी, बोअर, वीजजोडणी, सेप्टिक टँक, कंपाउंड, कॉट आणि कपाटं. मग भिंती उभ्या राहतात आणि दारं लावायला पैसे उरत नाहीत. अशी अर्धवट इमारत बहुतेक तालुक्यांत एखादी तरी सापडेल.

"कापणारच आहेत" म्हणून आकडा फुगवून लिहिणंही चालत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची समोर ठेवून दर ताडून बघता येतात. तीन कोटेशनं जोडताना ती खरंच तीन ठिकाणची असू द्या. तिन्हींत 'प्लास्टर'चं 'प्लॅस्टर' झालेलं मी स्वतः पाहिलंय.

चौथ्या वर्षाचा खर्च

रुग्णवाहिका मिळाली, फीत कापली, पेपरात फोटो आला. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, विमा, टायर कोण देणार? डायलिसिसचं यंत्र मागताना शुद्ध पाण्याचा प्लांट आणि तंत्रज्ञ लागतो, सोलरला काही वर्षांनी नव्या बॅटऱ्या लागतात. प्रस्तावात किमान पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च आणि त्यासमोर तो कुठून येणार हे लिहा. "समाजाच्या सहकार्यातून" हे उत्तर धरलं जात नाही. फी किती, देणगीदार किती, शासकीय योजनेतून किती, असे आकडे हवेत. तुटवडा दिसत असेल तर तोही दाखवा. सगळं बरोबर जुळलेल्या तक्त्यापेक्षा अशा तक्त्यावर विश्वास बसतो.

सगळी रक्कम एकाकडेच मागणं

गावाने एक रुपया घातलेला नसेल तर बाहेरच्याने का घालावा, हा प्रश्न तोंडावर विचारत नाहीत, पण मनात असतो. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड (घरोघरचं मूठभर धान्य) ज्या राज्यात गोळा झाला, तिथे लोकवर्गणीचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. श्रमदान, दिलेली वाळू-विटा, माजी विद्यार्थ्यांचे पैसे, सगळं किमतीसह लिहा. इतर देणगीदारांचे होकार तोंडी नकोत, पत्रावर घ्या. नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेकची वाट बघत बसतो.

मार्च आणि पाऊस

कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरचं बांधकाम जवळजवळ ठप्प असतं. फेब्रुवारीत पैसे आले तर मार्चअखेर विनियोग प्रमाणपत्र कशाचं देणार? कंपनीच्या संचालक मंडळानं प्रकल्प 'चालू प्रकल्प' ठरवला तर सुरू झालेल्या वर्षाखेरीज आणखी तीन वर्षं मिळतात. हे मंजुरीच्या वेळीच बोलून घ्या, नंतर गयावया करावी लागते. कंपन्या सीएसआरचा कृती आराखडा वर्षाचा म्हणून करतात. तो ठरण्याआधी, म्हणजे आधीच्या जानेवारी-फेब्रुवारीत, तुमचा प्रस्ताव टेबलावर असला पाहिजे.

किरकोळ वाटणारे कागद

सीएसआर-१ नोंदणी (सीएसआर निधी घेण्यासाठी), १२ए (संस्थेला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत) हे सगळ्यांना माहीत असतं. पण २०२१ पासून १२ए आणि ८०जी कायमचं राहिलेलं नाही, मुदत बघा. पॅनवरचं संस्थेचं नाव आणि नोंदणी दाखल्यावरचं नाव अक्षरशः एक असावं. एकीकडे 'मंडळ', दुसरीकडे 'मंडळ ट्रस्ट' असं असलं की बँकेपासून कंपनीपर्यंत सगळीकडे अडतं.

देणगीदाराच्या पत्रात रक्कम 'कॉर्पस' (कायम राखायचा मूळ निधी) म्हणून लिहून घ्यायची सवय असेल तर आधी सीएला विचारा. कॉर्पसची करसवलत आता ठरावीक गुंतवणुकीत पैसे ठेवण्याशी बांधलेली आहे. ज्या पैशातून लगेच भिंती उभ्या करायच्या आहेत, त्याला तो शिक्का लावलात तर हिशेबाला त्रास.

नकार आला तर

आठवडाभर थांबून फोन करा आणि एवढंच विचारा: "अर्ज कोणत्या मुद्द्यावर थांबला?" बऱ्याचदा खरं उत्तर मिळतं. धोरणातच बांधकाम नसेल, आणि अनेक फाउंडेशनांच्या नसतं, तर त्यांच्याकडे उपकरणं किंवा फर्निचर मागा आणि भिंतींसाठी दुसरं दार ठोठावा. तोच प्रस्ताव फक्त नाव बदलून पुढे पाठवू नका. मागच्या कंपनीचं नाव पान नऊवर राहून जातं.

आमच्या अध्यक्षांना दोन भावांच्या सह्या, परवानग्या आणि बक्षीसपत्र जमवायला सव्वा वर्ष लागलं. दुसऱ्या अर्जात मुलींचे फोटो चौथ्या पानावर गेले. पहिल्या पानाला संस्थेच्या नावाचा उतारा जोडला होता.