परदेशातली सोलकढी

लेक परदेशी निघाली की आमच्या वेंगुर्ल्यात बॅगेत आधी सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमं, जातात. पण तिकडे नारळाचं काय? डब्यातलं दूध घट्ट असतं, चव जराशी चिकट लागते. त्यापेक्षा फ्रोझन खवलेलं खोबरं घ्या. पूर्ण वितळू द्या, कोमट पाणी, दोन लसूण पाकळ्या, अर्धी हिरवी मिरची घालून मिक्सरला फिरवा आणि फडक्यातून घट्ट पिळून दूध काढा. आठ-दहा सोलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, चोळून ते लाल पाणी थोडं थोडं या नारळाच्या दुधात ओता. कढी फिकट गुलाबी झाली की थांबा. सोलांना बहुधा मीठ असतं, म्हणून मीठ चाखूनच घाला. कढी गॅसवर मात्र ठेवू नका, लगेच फुटते.