मुलांना स्वतःचं ध्येय ठरवायला आणि स्वतःची प्रगती मोजायला कसं शिकवावं

‘यंदा नीट अभ्यास कर हं!’ जूनमध्ये नवं दप्तर आणताना आपण मुलांना हे सांगतो. मूल मान डोलावतं आणि गणपती येईपर्यंत दोघंही ते विसरलेले असतात. नीट म्हणजे किती, हे कुणीच ठरवलेलं नसतं. तिसरी-चौथीतल्या मुलाला महिन्याभरात गाठता येईल आणि गाठलं की नाही हे त्याचं त्यालाच कळेल, असं ध्येय हवं. वाचन आणि पाढे यांपासून सुरुवात करा. दोन्ही घरी मोजता येतात.

आधी आज कुठे आहोत ते बघा

मराठीच्या पाठ्यपुस्तकातला, वर्गात अजून न झालेला धडा उघडा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि मुलाला मोठ्याने वाचू द्या. ५२ शब्द वाचले, ६ चुकले, म्हणजे ४६ बरोबर. ही वजाबाकी मुलालाच करू द्या. मग काय वाचलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा, नाहीतर पुढच्या वेळी ते न समजताच धडा पळवेल.

लहान वर्गातल्या मुलांना नीट वाचता यावं, साधी गणितं करता यावीत म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, अशी अपेक्षा आहे. हा आकडा तुम्हाला माहीत असावा, पण तो मुलाच्या वहीत लिहू नका. ४६ वर असलेल्या मुलाने महिन्याभरात ५२ गाठले तर ती खरी प्रगती आहे. आकडा त्यालाच ठरवू द्या. त्याने उत्साहात १०० म्हटलं तर खोडून काढू नका. ‘त्यासाठी रोज किती वेळ वाचशील?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा आकडा त्याचं तेच खाली आणतं.

मोठं ध्येय फोडून दाखवा

‘सातचा पाढा पाठ करायचाय’ हे मुलाला डोंगराएवढं वाटतं. मग दोघं मिळून तो पाढा वहीत लिहा आणि आधीच येणारं खोडत जा. दोन ते सहाचे पाढे येत असतील, तर सात दुणे चौदा म्हणजे बे साती चौदाच की! असं करत सात सक बेचाळीसपर्यंत सगळं खोडलं जातं. सात एके सात आणि सात दाहे सत्तर तर येतंच. उरतं काय? सात साती एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न, सात नव्वे त्रेसष्ट. फक्त तीन ओळी! त्या तीन ओळींकडे बघताना मुलाचा चेहरा जरूर पाहा. आता ‘या आठवड्यात या तीन’ हे ध्येय ते आपणहून ठरवेल.

नोंद मुलाच्याच हाताने

चौकटीची वही घ्या. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर शब्द, एक चौकट म्हणजे दोन शब्द. दर शनिवारी मुलाने मोजायचं आणि रंगखडूने स्तंभ भरायचा. तुम्ही पेन हातात घेऊ नका, स्तंभ वाकडा आला तरी. दरवेळी धडा नवा, पण साधारण तितकाच सोपा-अवघड निवडा.

हा तक्ता बैठकीच्या खोलीत लावू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पाहुणे येतात, मावसभावाचा विषय निघतो आणि मुलाची वही बघता बघता स्पर्धेची होते. वही त्याच्या दप्तरात राहू दे. ‘५२ झाले की चॉकलेट’ असा सौदाही नको. मग लक्ष वाचनावरून उडून चॉकलेटवर जातं आणि चुका लपवायची सवय लागते.

आकडा खाली आला तर

येणारच. रागावू नका, ‘कुठे अडलास?’ असं विचारा आणि अडलेले शब्द मुलाला एका पानावर लिहू द्या. दोन-तीन आठवड्यांत त्या यादीत काहीतरी सारखं दिसू लागतं. पुष्कळदा ती जोडाक्षरं असतात, त्यातही र. प्रकाश, राष्ट्र, सूर्य, कुऱ्हाड : एकच र चार रूपांत येतो, मूल गोंधळेल नाही तर काय! मग महिन्याचं ध्येय तसंच ठेवून या आठवड्यापुरतं छोटं ध्येय घ्या : रचे दहा शब्द न अडखळता वाचायचे.

महिन्याच्या शेवटी

दोघं वही घेऊन दहा मिनिटं बसा. काय जमलं, कशामुळे जमलं, पुढे काय घ्यायचं, हे मुलाला सांगू द्या आणि तुम्ही ऐका. रोज वाचूनही स्तंभ सहा-सात आठवडे जागचा हलत नसेल, तर ध्येय वाढवू नका. वर्गशिक्षकांना ती वही दाखवा आणि मुलाचे डोळे एकदा तपासून घ्या.