केळीच्या हिशोबातले तीन आप्पा

रावेरला आमचा केळीचा व्यापार. माल, उचल, गाडीभाडं, सगळं एकाच एक्सेल शीटमध्ये. एका आप्पांचं नाव तीन तऱ्हांनी टाइप झालेलं. उचल एका नावावर, माल दुसऱ्यावर. पट्टी, म्हणजे मालाच्या पैशांचा हिशोब, चुकली आणि आप्पा तडक दारात!

मग एसक्यूलाइट घेतलं, म्हणजे तक्ते एकमेकांना जोडून नोंदी ठेवणारा डेटाबेस. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, प्रत्येकाला क्रमांक. मालाच्या नोंदीत फक्त तो क्रमांक. तरी यादीत नसलेले क्रमांक बिनबोभाट घुसत होते. दोन दिवस डोकं खाजवलं. कारण एवढंच, की एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची, म्हणजे नोंदीतला क्रमांक मूळ यादीत आहे का याची, तपासणी सहसा बंदच असते; प्रत्येक कनेक्शनला, म्हणजे दर वेळी डेटाबेस उघडताना, 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' ही आज्ञा द्यावी लागते. दिली, चुकीची नोंद तिथंच अडली.

भावाचा अंदाज मात्र अजून एक्सेलमध्येच. आकडे खालीवर करून बघायला तेच सोपं.