मुंबईत राहून जुन्या डॉक्टरांच्या सह्या कशा जमवायच्या

शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणारे लिस्टर, रेबीजची लस काढणारे पाश्चर, मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्या सहीचं पत्र आपल्याकडे असावं असं ह्या नादातल्या प्रत्येकाला वाटतंच, पण सुरुवात तिथून करू नका, नाव जितकं मोठं तितकी किंमत आणि तितकेच नकला करणारेही. आपण घराजवळून सुरू करावं. १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, तिथल्या पहिल्याच बॅचमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड होते, जंतुशास्त्रज्ञ हाफकिननी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली ती पण इथेच. एवढं सगळं आपल्या शहरात घडलंय.

कागद मिळतात कुठे, तर चोर बाजार आणि रद्दीवाले आहेतच, पण खरा माल गिरगाव-दादरच्या जुन्या डॉक्टरांच्या घरी पोटमाळ्यावर पडलेला असतो आणि बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली की किलोच्या भावाने जातो, म्हणून ओळखीच्यांना आधीच सांगून ठेवा की डिग्री, पत्रं, नेमणुकीचे कागद टाकू नका. डॉ. जीवराज मेहता केईएम हॉस्पिटलचे पहिले डीन, नंतर १९६० ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री, अशांची सही एखाद्याच्या आजोबांच्या सर्टिफिकेटवर सापडू शकते! सही कापून घेऊ नका प्लीज, अख्खा कागद ठेवा, तारीख आणि मजकुराशिवाय त्या सहीला काय अर्थ.

आता खरं-खोटं. आधी दहा पटीची लूप, म्हणजे छोटं भिंग, घ्या. छापील सहीत बारीक ठिपके किंवा सपाट रंग दिसतो, टाकाच्या सहीत शाई कागदात मुरलेली असते, दाब कमीजास्त असतो, जुनी शाई बरेचदा तपकिरी पडते. बॉलपेन बाजारात आलं १९४० नंतर, पाश्चर गेले १८९५ ला, मग बॉलपेनची सही त्यांची कशी असेल? यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली कागद निळसर चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा धरा. आणि माणसाचं चरित्र वाचाच, लिस्टर १८९७ ला लॉर्ड झाले, त्यानंतर सही नुसती ‘लिस्टर’, त्यामुळे १९०० च्या पत्रावर ‘जोसेफ लिस्टर’ दिसलं की हात आखडता घ्या. ताडून बघायला लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या साइटवर खूप हस्तलिखितं फुकट बघता येतात.

कागदावर लायब्ररीचा किंवा हॉस्पिटलचा शिक्का असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका, चोरीचा असू शकतो. ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतो, तो खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर पेशंटचं नाव असतं, ते झाकल्याशिवाय फोटो टाकू नका, नातेवाईक हयात असतात.

आपल्या हवेत जपणं हेच मोठं काम. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच, पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरात अॅसिड-फ्री कागदाबरोबर ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको कारण पावसाळ्यात ओल येते, सिलिका जेल बदलत रहा, कसर लागलीय का बघत रहा. फ्रेम करायची तर झेरॉक्सची करा, मूळ कागद अंधारात.

आणि हयात असलेल्या ज्येष्ठ डॉक्टरांकडून सही मागायची तर ओपीडीत गर्दी करू नका, त्यांच्याच एखाद्या शोधनिबंधाची प्रत, दोन ओळींचं पत्र आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट पाठवा, कोणत्या कामासाठी सही हवीय ते नक्की लिहा.