भाकितांचा तक्ता आणि बारावीचा फॉर्म

1999 च्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तीन रात्री संजीवन सभा झाल्या. पाहुण्या प्रचारकांनी मंडपाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत एक कापडी तक्ता टांगला होता. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला नवी यरुशलेम, मध्ये दानीएलाच्या पुस्तकातला पुतळा, सात डोक्यांचं श्वापद आणि बाणच बाण. ख्रिस्त पुन्हा कधी येणार त्याची तारीख त्यांनी सांगितली नाही, पण सन 2000 आपण पाहू असं काही त्यांना वाटत नव्हतं. मी तेव्हा सतरा वर्षांचा. घरी मांजरपाट आणून तसाच तक्ता काढला आणि दिवाळीच्या सुमारास आईला सांगून टाकलं की बारावीचा फॉर्म भरण्यात अर्थ नाही. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "प्रभू आला तर परीक्षेतून सुटलास. नाही आला तर? फॉर्म भर."

भरला. पुढे थिऑलॉजी शिकलो, बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेतली, आता मंडळीत दर शुक्रवारी बायबल अभ्यास घेतो. ख्रिस्ताच्या येणाऱ्या राज्याबद्दलची भाकितं शिकायला नवीन माणसं येतात तेव्हा निम्म्यांच्या मनात माझाच तो तक्ता टांगलेला असतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात 'राज्य' या शब्दापासून करा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'तुझे राज्य येवो' म्हणतो आणि संडे स्कूलची पोरं खुदकन हसतात, कारण त्यांच्या लेखी राज्य येतं ते लपाछपीत. हसू द्या. मराठीत 'महाराष्ट्र राज्य' म्हटलं की नकाशा दिसतो, पण 'पेशव्यांच्या राज्यात' म्हटलं की कुणाची सत्ता चालत होती ते कळतं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'बासिलेया' आधी या दुसऱ्या अर्थाचा आहे: राजा असणं, राज्य करणं. म्हणून येशू एका ठिकाणी ते राज्य तुमच्यावर आलंच आहे म्हणतो (मत्तय 12:28) आणि दुसरीकडे ते येवो अशी प्रार्थना शिकवतो. नकाशा डोक्यात असेल तर ही दोन वाक्यं भांडतात. सत्ता डोक्यात असेल तर भांडण बरंच मिटतं. सगळं मिटतं असं म्हणणार नाही.

दुसरी सवय मला फार उशिरा लागली. भाकीत आधी कुणाला सांगितलं गेलं ते पाहायचं. यशयाच्या सातव्या अध्यायातलं 'इम्मानुएल' नावाच्या मुलाच्या जन्माचं भाकीत आपण नाताळात ऐकतो, पण ते सांगितलं गेलं यहूदाच्या आहाज राजाला, ख्रिस्तपूर्व 735 च्या आसपास. अराम आणि इस्राएल या देशांचे दोन राजे त्याच्यावर चालून येत होते. त्याला मिळालेली खूण अशी की, मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधीच त्या दोघांचे देश ओस पडतील. ख्रिस्तपूर्व 732 मध्ये अश्शूरने अरामची राजधानी दमास्कस घेतली. ही गोष्ट फक्त सातशे वर्षांनंतरची असती तर घाबरलेल्या आहाजाला तिचा काय उपयोग? मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात तेच वचन येशूला लावलं, ते भरून वाहिल्यासारखं. पण मत्तयापर्यंत पोचायचं तर आहाजाच्या दारावरून जावं लागतं.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं, प्रकटीकरणाचंही तसंच. ते पत्र आहे, आणि त्यावर पत्ताही आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही सातही गावं आजच्या तुर्कस्तानात. लावदिकीयाला 'तू कोमट आहेस' असं ऐकवलंय. शेजारच्या हिरापलीसला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला थंड पाणी आणि लावदिकीयाला नळाने लांबून आणलेलं. तिथल्या माणसाला तो टोमणा लागला असणार. त्यातल्या श्वापदाचा आकडा 666, त्याचंही उत्तर बहुतेक अभ्यासक तिथेच शोधतात. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की 666 येतात. शेवटचा 'न' गाळून 'नेरो' लिहिलं की 616, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच 616 आहे. आमच्या अभ्यासात मात्र हा आकडा बारकोडवर सापडला, मग आधार कार्डावर, मग कोरोनाच्या लशीत. प्रत्येक वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर. मी एकच विचारतो: स्मुर्णाच्या विश्वासणाऱ्याला याचा काय अर्थ लागला असता?

आता जिथे घोडं पेंड खातं तिथे येतो. संदेष्टे दोन काळांतल्या गोष्टी एकाच दमात सांगतात. जखऱ्या 9:9 मध्ये राजा गाढवावर बसून येतो. तो झावळ्यांचा रविवार, येशू यरुशलेमेत आला तो दिवस, सगळ्यांना पाठ. लगेच पुढच्या वचनात रथ नाहीसे होतात, युद्धाचं धनुष्य मोडतं आणि राजाची सत्ता समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरते. हे कुठे झालंय? दोन वचनांमध्ये एक ओळही मोकळी नाही. सिंहगडावरून राजगड आणि तोरणा पाहिलेत का? हात लांबवला तर दोन्ही मुठीत येतील असं वाटतं. आम्ही एकदा राजगडावरून तोरण्याला धारेने चालत गेलो तेव्हा अख्खा दिवस गेला आणि पाणी संपलं. संदेष्टा सिंहगडावर उभा आहे. आपण मधल्या धारेवर चालतोय.

हे मी सोयीसाठी रचलेलं नाही, येशूने स्वतः तसं वाचून दाखवलंय. लूक 4 मध्ये तो नासरेथच्या सभास्थानात यशयाचा एकसष्टावा अध्याय वाचतो. देवाच्या प्रसादाच्या, म्हणजे कृपेच्या, वर्षापर्यंत येतो आणि ग्रंथपट गुंडाळून सेवकाकडे देतो. यशयात त्याच वाक्यात पुढे देवाच्या सूडाचा दिवस आहे. तो त्याने वाचलाच नाही. मग म्हणतो, हे वचन आज पूर्ण झालं. बी.डी.च्या दुसऱ्या वर्षी हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचायला लावले होते, आणि माझ्या मांजरपाटाच्या तक्त्याला त्या दिवशी पहिलं भोक पडलं. नवीन माणसाला मी आजही हाच धडा आधी देतो. पेन्सिल घ्या, यशया 61:2 मध्ये येशू थांबला तिथे रेघ मारा.

आकडेमोडीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यात माझ्या पुरेशा रात्री गेल्यात. दानीएल 8:14 मध्ये 2300 संध्याकाळ-सकाळ आहेत. अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, ख्रिस्तपूर्व 457 पासून मोजलं, आणि 1843-44 वर आला. शेवटी त्याच्या चळवळीने ख्रिस्ताच्या येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. काहींनी त्या वर्षी शेतातलं पीकही काढलं नाही. सकाळ झाली, 23 तारीख होती. आता तोच अध्याय संदर्भासह वाचा. त्या दृष्टान्तातला बोकड ग्रीसचा राजा आहे, हे दानीएलाला तिथेच सांगितलंय, आणि सिरियाचा ग्रीक राजा अंतिओख एपिफानेस याने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केल्यापासून ख्रिस्तपूर्व 164 मध्ये ते पुन्हा शुद्ध होईपर्यंतचा काळ त्या वर्णनाला फार जवळ बसतो. मिलर अप्रामाणिक नव्हता. बेरीजही बरोबर होती. थेस्सलनीका गावच्या मंडळीतही काही जण कामधंदा सोडून बसले होते, आणि पौलाने त्यांना लिहिलं की काम करायचं नसेल तर खाऊही नका. आमच्या आईने ते पत्र वाचलं होतं की नाही, विचारायचं राहिलं.

हजार वर्षांचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात 'हजार वर्षे' सहा वेळा येतं आणि तेवढ्यावर तीन घराणी उभी आहेत. प्रीमिल म्हणतात, ख्रिस्त आधी येईल, मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस या बाजूचा. पोस्टमिल म्हणतात, सुवार्तेने जग बदलेल, मग तो येईल. एमिल म्हणतात, हजार ही पूर्णतेची खूण आहे, ती वर्षं आताच चालू आहेत. प्राचीन मंडळीचा मोठा धर्मपंडित ऑगस्टीन आधी पहिल्यासारखं मानायचा, मग मत बदलून तिसऱ्याकडे आला आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. मला तो त्यासाठीच आवडतो. आपल्याकडे मंडळीमंडळीत शिकवण वेगळी असते. पाळकांशी वाद घालण्याआधी ते कुठल्या घराण्यातले आहेत ते बघा, निम्मा वाद तिथेच संपतो. निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या जुन्या श्रद्धा-कबुलीत, हजाराचा उल्लेख नाही. ख्रिस्त पुन्हा येईल, न्याय करील आणि त्याच्या राज्याला अंत नाही, एवढंच आहे.

वाचायला कुठून लागायचं? प्रकटीकरणापासून नको. आधी स्तोत्र 2 आणि 72, मग यशया 7 ते 11, दानीएल 2 आणि 7, मग मार्क 13, मग प्रेषितांची कृत्ये 1. तिथे शिष्य विचारतात, आत्ताच राज्य परत देणार का, आणि उत्तर मिळतं की काळवेळ जाणणं तुमचं काम नाही. मग प्रकटीकरण, एका बैठकीत, मोठ्याने, कारण ते मंडळीत वाचून दाखवण्यासाठीच लिहिलंय. दोन मराठी भाषांतरं जवळ ठेवा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे थांबा, गंमत तिथेच असते.

मागच्या वर्षी माळ्यावरून माझा तक्ता खाली काढला. हजार वर्षांचा चौकोन मी पिवळ्या रंगाने ठसठशीत रंगवला होता. आज तो कुठे काढीन, माझं अजून ठरत नाही. सात डोक्यांपैकी चारच उरलीत. आई म्हणाली, कापड चांगलं होतं, पंधरा उन्हाळे कुरडया त्याच्यावरच घातल्या.