सीडीचा भोवरा: या चुका टाळा

जुनी सीडी, खाली टोक म्हणून काचेची गोटी आणि वर फिरवायला बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण. जोडायला अर्धा तास पुरतो, पण एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) पक्कं व्हायला रात्रभर थांबावं लागतं. बहुतेक भोवरे ती रात्र न थांबल्यामुळेच बिघडतात. झटपट चिकटणारा गोंद या कामाला वापरू नका, कारण झाकण एकदा टेकलं की सरकवून दुरुस्त करता येत नाही.

गोटी वरून बसवणं. सीडीचं भोक १५ मिमी, नेहमीची गोटी १६ मिमी. वरून ठेवली तर ती खाली फक्त ४ मिमी डोकावते, आणि चकती ४ अंश कलली की कड जमिनीला घासते. खालून बसवली की ११ मिमी उंची मिळते आणि १० अंशांपर्यंत कलायला वाव राहतो.

झाकण अंदाजाने चिकटवणं. झाकणाच्या कडेपासून सीडीच्या कडेपर्यंतचं अंतर चार बाजूंनी पट्टीने मोजा. ३० मिमीच्या झाकणाला ते चारही ठिकाणी ४५ मिमी भरलं पाहिजे.

प्रत्येक डोलण्याला दोष समजणं. वेग उतरल्यावर भोवरा सावकाश गोल डोलू लागतो ते परांचन. ते होणारच, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. सुरुवातीच्या वेगातच थरथर जाणवली तर मात्र तोल चुकलाय. इलेक्ट्रिकल टेपचा २ सेमी तुकडा कडेजवळ चार जागी आळीपाळीने लावून बघा आणि थरथर सर्वांत कमी होईल तिथे राहू द्या. लाकडी भोवऱ्यात हाच दोष आर (टोकाचा खिळा) मध्यावर नसल्याने येतो. आधी खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडा. भोक न पाडता खिळा ठोकला तर आर तिरकी जाते किंवा लाकूड चिरतं. कातारी लेथवर भोवरा एकाच आसावर फिरवत घडवतो, म्हणून त्याचा तोल मुळातच चांगला असतो.

हवेचा प्रयोग म्हणून भलतंच मोजणं. विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसणारा प्रकार: साध्या सीडीवर पुठ्ठ्याची सहा पाती उभी चिकटवायची, भोवरा निम्म्या वेळात थांबला की तक्त्यावर ‘हवेचा विरोध’ असं लिहून मोकळं व्हायचं. पण पात्यांनी वजन वाढलं, त्यांतलं एक कडेकडे सरकलं असेल तर तोल गेला, आणि जड झालेला भोवरा बोटांनी तेवढ्या जोरात फिरलाही नाही. चार गोष्टी एकदम बदलल्यावर फरक कशामुळे पडला हे कुणीच सांगू शकत नाही. हे पाहून खरंच वाईट वाटतं, कारण उत्तर मिळवणं अवघड नसतं.

पाती दोन्ही वेळा तीच ठेवा. २ × ३ सेमीचे सहा तुकडे एका लांब कडेने त्रिज्येच्या रेषेत, सारख्या अंतरावर चिकटवा. आधी आडवे टेपने दाबून फिरवा, मग तोच टेप न काढता तेच तुकडे उभे करून फिरवा. वजन तेच राहतं, जडत्व आघूर्णही (फिरण्याचा वेग बदलायला वस्तूचा होणारा विरोध) जवळपास तेच राहतं, बदलते ती फक्त हवेची अडवणूक.

वेळही ‘सोडल्यापासून पडेपर्यंत’ मोजू नका. बोटांचा जोर दर वेळी वेगळा लागतो. कडेवर काळा ठिपका द्या आणि मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एका फेरीला १२ फ्रेम म्हणजे सेकंदाला २० फेऱ्या, २४ फ्रेम म्हणजे १०. वीसवरून दहावर यायला किती सेकंद लागले तेवढंच लिहा. घाई झालेल्यांना हे मोजणं कंटाळवाणं वाटतं, पण याशिवायच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

‘मोठा म्हणजे चांगला’ हा समज. वजन तेवढंच ठेवून चकतीची त्रिज्या दुप्पट केली, तर जडत्व आघूर्ण चौपट होतं, पण त्याच वेगाला हवेचा विरोध सुमारे सोळापट. सीडीच्या आकारात वेग दुप्पट केला तर विरोध जवळजवळ तिप्पट होतो. टोकाचं घर्षण मात्र वेगाने फारसं बदलत नाही. म्हणून सुरुवातीला वेग खाते ती मुख्यतः हवा, आणि शेवटी टोकाचा वाटा वाढत जातो. टिकाऊ भोवरा हवा असेल तर व्यास वाढवण्याआधी वजन कडेकडे न्या.

पंखा बंद ठेवा. खडबडीत फरशीवर मोजू नका. भोवरा भटकत असेल तर दाढीच्या मोठं दाखवणाऱ्या आरशाच्या खोलगट काचेवर फिरवा, तो मध्यावर येऊन राहतो.